निकालाकडून निर्णयाकडे : मिश्र मार्शल आर्ट्समधील चुरशीच्या लढतीच्या गुणांकनाचा इतिहास (१९९३–२०२०)

प्रस्तावना

मिश्र मार्शल आर्ट्स हा क्रीडाप्रकार आपल्याकडील महाविद्यालयीन अभ्यासविश्वाला फारसा परिचित नाही. ठोसे, लाथा, कुस्तीतील पकडी आणि जुजुत्सूमधील सांधे व गळा आवळण्याचे डाव या सर्वांना एकाच लढतीत मुभा देणारा हा प्रकार १९९३ पासून अमेरिकेत संघटित स्वरूपात रूढ झाला. त्याची हिंसकता, त्याचा बाजार आणि त्याचे दूरचित्रवाणीशी असलेले नाते यांची चर्चा बरीच होते. त्या मानाने एक साधा प्रश्न मागे पडतो. दोघेही लढवय्ये शेवटपर्यंत टिकले, कोणीही शरण गेला नाही, तर जिंकले कोण हे कसे ठरवावयाचे?

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा ऐतिहासिक अंगाने आढावा घेण्याचा प्रयत्न केला आहे. लेखकाचे प्रतिपादन असे की, 'चुरशीची लढत' ही गोष्ट या खेळात आरंभी अस्तित्वातच नव्हती. होती ती केवळ 'अपुरी राहिलेली लढत'. घड्याळ आले म्हणून पंच आले, पंच आले म्हणून मुष्टियुद्धाची मोजपट्टी उसनी घ्यावी लागली, आणि आज ज्या लढतींवरून वाद पेटतात त्या बहुतांशी या मोजपट्टीने घडविलेल्या आहेत. पंचांच्या माथी मारल्या जाणाऱ्या अनेक दोषांचे मूळ या उसनवारीत शोधावे लागते.

पुढील विवेचनात लढवय्यांसोबत पिंजऱ्याच्या आत असणाऱ्या व्यक्तीस 'रेफरी' आणि पिंजऱ्याबाहेर बसून गुण नोंदविणाऱ्या तिघांस 'गुणपंच' असे म्हटले आहे. दोघांचीही कामे वेगळी आहेत आणि लोकांचा राग बहुधा दुसऱ्यांवर असतो.

निकाली लढतीची परंपरा

आपल्याकडील जत्रांच्या मैदानांत 'निकाली कुस्ती' हा शब्द आजही ऐकू येतो. पाठ जमिनीला लागली की निकाल. न लागली तर कुस्ती बरोबरीत सोडविली जाते. तेथे गुण मोजण्याचा प्रश्न उद्भवत नाही, कारण निकाल हा कोणाच्या मताचा विषय नसून हजारो लोकांनी एकाच वेळी डोळ्यांनी पाहिलेली घटना असते. पाश्चात्त्य देशांतील जुने मुष्टियुद्धही याच प्रकारचे होते. लंडन प्राइझ रिंग नियमांनुसार योद्धा खाली पडला की फेरी संपे आणि एकाने हार मानेपर्यंत लढत चाले. ८ जुलै १८८९ रोजी मिसिसिपी राज्यातील रिचबर्ग येथे जॉन सुलिव्हन आणि जेक किलरेन यांच्यात झालेली लढत ७५ फेऱ्या चालली. तिच्यात कोणी 'गुणांवर' आघाडीवर आहे, असे म्हणण्याला काही अर्थच नव्हता.

ब्राझीलमध्ये ही परंपरा अधिक काळ टिकली. २४ मे १९५५ रोजी रिओ द जानेरो येथे एलिओ ग्रेसी आणि त्यांचाच माजी शिष्य वाल्देमार सांताना यांच्यातील लढत साडेतीन तासांहून अधिक चालली आणि गुरूचा पराभव होऊनच ती संपली. ग्रेसी घराण्याची युद्धकलाच मुळी या गृहीतावर उभी होती की, वेळेचे बंधन नसेल तर दुबळा मनुष्यही बलवानाला थकवून अखेरीस शरण आणू शकतो. हे घराणे पुढे वेळमर्यादेला आणि गुणांना सातत्याने विरोध का करीत राहिले, हे यावरून कळते. घड्याळ लावले की त्यांच्या कलेचे मुख्य शस्त्रच बोथट होत होते.

१२ नोव्हेंबर १९९३ रोजी अमेरिकेतील डेन्व्हर येथे 'अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिप' (यापुढे 'यूएफसी') या स्पर्धेचा पहिला प्रयोग झाला. त्याच्या आयोजकांत याच घराण्यातील रोरियन ग्रेसी होते. आठ लढवय्ये, एकच रात्र, वजनगट नाहीत, गुणपंच नाहीत. लढत संपण्याचे मार्ग ठरलेले होते : शुद्ध हरपणे, शरण जाणे किंवा साहाय्यकाने टॉवेल फेकणे. एलिओ यांचे पुत्र रॉयस ग्रेसी विजयी झाले. त्या रात्रीच्या सर्व लढती मिळूनही वेळ अगदी थोडा गेला आणि गुणपंच का नाहीत, असे विचारण्याची वेळ कोणावर आली नाही.

प्रक्षेपणाचे घड्याळ

ही वेळ आणली ती दूरचित्रवाणीने. हे सामने पैसे भरून घरबसल्या पाहावयाचे असत आणि त्यासाठी उपग्रहावरील ठराविक वेळ विकत घेतलेला असे. १६ डिसेंबर १९९४ रोजी टल्सा येथे झालेल्या चौथ्या स्पर्धेत रॉयस ग्रेसी आणि डॅन सेव्हर्न यांच्यातील अंतिम लढत १५ मिनिटे ४९ सेकंद चालली. सेव्हर्न वर आणि ग्रेसी खाली, अशा अवस्थेत बराच वेळ गेल्यानंतर ग्रेसी यांनी खालूनच पायांच्या त्रिकोणी पकडीत मान अडकवून त्यास शरण आणले. मात्र तोवर प्रक्षेपणाची वेळ संपली होती आणि अनेक घरांतील पडदे ऐन निकालाच्या आधीच कोरे झाले. प्रेक्षकांना पैसे परत करावे लागले. या खेळाच्या नियमांना कलाटणी देणारी ही घटना पिंजऱ्यात घडलेली नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

पुढच्याच स्पर्धेत, ७ एप्रिल १९९५ रोजी शार्लट येथे, वेळमर्यादा लागू झाली आणि तिचा परिणाम त्याच रात्री दिसला. रॉयस ग्रेसी आणि केन शॅमरॉक यांची लढत वाढीव वेळ धरून ३६ मिनिटे चालली. शॅमरॉक बहुतेक काळ वरच्या बाजूस होता; शेवटी शेवटी त्याच्या एका ठोशाने ग्रेसी यांचा चेहरा सुजला. पण गुणपंचच नसल्यामुळे लढत बरोबरीत सुटली. घड्याळ होते, पण घड्याळ थांबल्यावर बोलणारे कोणी नव्हते. ८ सप्टेंबर १९९५ रोजी बफेलो येथे शॅमरॉक आणि ओलेग ताक्तारोव्ह यांची ३३ मिनिटांची लढतही तशीच बरोबरीत राहिली. अखेर १६ डिसेंबर १९९५ रोजी डेन्व्हर येथील स्पर्धेत प्रथमच गुणपंच बसविण्यात आले. अंतिम लढतीत सेव्हर्न यांना ताक्तारोव्हविरुद्ध एकमताने विजयी घोषित केले गेले.

त्या काळच्या गुणपंचाला फेरीनिहाय आकडे लिहावयाचे नव्हते. संपूर्ण लढत पाहून कोण सरस, एवढेच सांगावयाचे होते. हे वाटते तितके सोपे नाही, याचा धडा १७ मे १९९६ रोजी डेट्रॉइट येथे मिळाला. न्यायालयीन आदेशामुळे त्या रात्री डोक्यावर मिटलेल्या मुठीने ठोसा मारण्यास बंदी होती. सेव्हर्न आणि शॅमरॉक अर्धा तास जवळजवळ एकमेकांभोवती फिरत राहिले. मोजण्याजोगे फारसे काही घडलेच नाही. तरीही निर्णय देणे भाग होते आणि तो दोनास एक अशा मतांनी सेव्हर्न यांच्या बाजूने लागला. याच वर्षी सिनेटर जॉन मकेन यांनी या खेळाची तुलना माणसांच्या कोंबडझुंजीशी करून सर्व राज्यांच्या राज्यपालांना पत्रे पाठविली होती. खेळाला जगावयाचे असेल तर त्याला सरकारी क्रीडामंडळांची मान्यता हवी होती आणि मंडळांना कागदावर उतरविता येईल असा हिशेब हवा होता.

उसनी मोजपट्टी

हा हिशेब तयारच होता. मुष्टियुद्धाला हाच प्रश्न पूर्वी पडून गेला होता आणि त्याची उत्तरे काही कमी चमत्कारिक नव्हती. न्यूयॉर्क राज्याच्या १९११ च्या फ्रॉली कायद्याने दहा फेऱ्यांच्या लढतींना परवानगी दिली, परंतु निर्णय जाहीर करण्यास मनाई केली. त्यामुळे जुगारी मंडळी दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रातील वार्ताहराचे मत प्रमाण मानून देणी भागवीत. लढत संपल्यावर तिचा विजेता सकाळी वर्तमानपत्रात शोधावा लागे! १९२० च्या वॉकर कायद्याने अधिकृत निर्णयाची पद्धत आणली आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात 'टेन पॉइंट मस्ट' ही पद्धत सर्वत्र स्थिरावली. फेरी जिंकणाऱ्यास दहा गुण दिलेच पाहिजेत, हरणाऱ्यास नऊ, फारच मार खाल्ला असल्यास आठ किंवा त्याहून कमी, असे तिचे स्वरूप होय.

१६ जुलै १९९९ रोजी आयोवा राज्यातील सीडर रॅपिड्स येथील स्पर्धेत यूएफसीने पाच मिनिटांच्या फेऱ्या आणि ही गुणपद्धती एकाच वेळी स्वीकारली. न्यू जर्सीच्या क्रीडा नियंत्रण मंडळाने २००० मध्ये सुरू केलेल्या प्रक्रियेतून एप्रिल २००१ मध्ये 'एकीकृत नियम' सिद्ध झाले. नेवाडा राज्याने त्याच वर्षी या खेळास मान्यता दिली आणि जुलै २००९ मध्ये राज्य मंडळांच्या महासंघाने हे नियम औपचारिकरीत्या स्वीकारले. खेळाला प्रतिष्ठा मिळाली ती या मार्गाने, हे नाकारता येत नाही.

परंतु मोजपट्टी उसनी घेताना ती कशासाठी बनविली होती, याचा विचार झाला नाही. मुष्टियुद्धातील अजिंक्यपदाची लढत पूर्वी पंधरा, नंतर बारा फेऱ्यांची. तेथे एखाद्या फेरीतील चूक उरलेल्या अकरा फेऱ्यांत पचून जाते. येथे सामान्य लढत तीन फेऱ्यांची आणि अजिंक्यपदाची पाच फेऱ्यांची. एक फेरी म्हणजे लढतीचा तिसरा अथवा पाचवा हिस्सा. समजा, पहिल्या फेरीत 'अ'ने 'ब'ला अक्षरशः लोळविले, पण उरलेल्या दोन फेऱ्या 'ब'ने एकेका जादा ठोशाच्या फरकाने घेतल्या. सर्व फेऱ्या १०–९ धरल्यास 'ब' २९–२८ ने जिंकतो. पिंजऱ्याशेजारी बसलेल्या प्रेक्षकाला हे सांगून पाहावे!

यावर उपाय म्हणून १०–८ आहे, असे म्हटले जाईल. पण येथे दुसरी अडचण येते. मुष्टियुद्धात योद्धा खाली पडला की रेफरी मोजणी करतो, आणि तशी फेरी सामान्यतः १०–८ धरली जाते. म्हणजे आठ गुण केव्हा द्यावयाचे याची सर्वांना दिसणारी खूण तेथे आहे. मिश्र मार्शल आर्ट्समध्ये पडलेल्यावर मोजणी होत नाही; लढत जमिनीवर चालू राहते. खूण मागेच राहिली, आकडा मात्र आला. परिणामी गुणपंच दीर्घकाळ १०–९ च्या सुरक्षित आकड्याला धरून बसले आणि एका गुणाच्या पोटात काठावरची सरशी व एकतर्फी मार हे दोन्ही सारखेच कोंबले गेले.

'कॅप'मध्ये उत्तरपत्रिका तपासलेल्या प्राध्यापकांना ही मनोवस्था परकी वाटू नये. ३९ गुणांची उत्तरपत्रिका आपण पुन्हा उघडतो, ५२ ची उघडत नाही. पण आपल्याकडे मॉडरेटर असतो, पुनर्मूल्यांकनाचा अर्ज असतो. गुणपंचाला फेरी संपताच चिठ्ठी हातावेगळी करावी लागते आणि तिच्यावर कोणाच्या तरी मानधनाचा मोठा भाग अवलंबून असतो. या व्यवसायातील अनेक करारांत लढण्याचे मानधन वेगळे आणि जिंकल्यास मिळणारी तेवढीच रक्कम वेगळी असते.

जपानमधील वेगळा मार्ग

याच काळात जपानमध्ये दुसरा प्रयोग चालू होता. ऑक्टोबर १९९७ मध्ये टोकियो डोम येथे आरंभ झालेल्या 'प्राइड' स्पर्धेत पहिली फेरी दहा मिनिटांची असे आणि गुणपंच फेरीनिहाय आकडे न लिहिता समग्र लढतीचा विचार करीत. निकषांचा क्रमही बोलका होता. प्रतिस्पर्ध्याला बेशुद्ध वा शरणागत करून लढत संपविण्याचा प्रयत्न कोणी केला हे प्रथम, झालेली इजा त्यानंतर. दोघांच्या वजनात मोठी तफावत असल्यास तीही अखेरीस जमेस धरली जाई. निर्णय द्यावयाचा असला तरी निकालाची ओढ नियमांतच ठेवलेली होती.

ग्रेसी घराण्याला तेवढेही पुरेसे नव्हते. १ मे २००० रोजी काझुशी साकुराबाविरुद्ध उतरताना त्यांनी गुणपंच नकोत आणि फेऱ्यांना मर्यादा नको, अशी अट घातली व ती मान्य झाली. पंधरा मिनिटांच्या सहा फेऱ्या, म्हणजे नव्वद मिनिटे लढून रॉयस यांच्या बाजूने टॉवेल पडला. घराण्याच्याच तत्त्वाने घराण्याचा पराभव केला. त्यात वाद घालण्यासारखे काही उरले नाही, एवढे मात्र खरे.

जपानी पद्धत सर्वस्वी निर्दोष होती असे लेखकाचे मत नाही. समग्र विचार करणारा पंच शेवटच्या दोन मिनिटांच्या प्रभावाखाली येऊ शकतो; आकडे नसल्यामुळे त्याची चूक पकडणेही अवघड होते. तथापि तिने विचारलेला प्रश्न अधिक योग्य होता, असे वाटते. २००७ मध्ये यूएफसीच्या मालकांनी प्राइड विकत घेतली, ती स्पर्धा लवकरच बंद पडली आणि तिचे गुणांकनही तिच्याबरोबर गेले.

लास वेगास, २०१३ : एका फेरीची गोष्ट

१६ नोव्हेंबर २०१३ रोजी लास वेगास येथे जॉर्ज सेंट-पिएर आणि जॉनी हेंड्रिक्स यांच्यात वेल्टरवेट अजिंक्यपदाची लढत झाली. सेंट-पिएर हे कॅनडाचे, बरीच वर्षे अपराजित राहिलेले विजेते. हेंड्रिक्स हे महाविद्यालयीन कुस्तीत अमेरिकेत गाजलेले आणि डाव्या हाताच्या ठोशासाठी प्रसिद्ध असलेले आव्हानवीर. पाच फेऱ्या संपल्या तेव्हा विजेत्याचा चेहरा सुजलेला आणि रक्ताळलेला होता, तर आव्हानवीर त्या मानाने ताजातवाना दिसत होता. दोन गुणपंचांनी ४८–४७ असे सेंट-पिएर यांच्या बाजूने आणि एकाने तितक्याच फरकाने हेंड्रिक्स यांच्या बाजूने लिहिले. सभागृहात गदारोळ झाला. यूएफसीच्या प्रमुखांनीही नेवाडाच्या मंडळावर जाहीर टीका केली.

गुणपत्रिका शांतपणे पाहिल्या म्हणजे वेगळेच चित्र दिसते. दुसरी आणि चौथी फेरी तिघांनीही हेंड्रिक्स यांना दिली होती; तिसरी आणि पाचवी तिघांनीही सेंट-पिएर यांना. पाचांपैकी चार फेऱ्यांत तिघांचे पूर्ण एकमत होते. मतभेद होता तो एकट्या पहिल्या फेरीबाबत, आणि ती खरोखरच कोणाच्याही बाजूने लिहिता येईल अशी होती. त्या फेरीत सेंट-पिएर यांनी प्रतिस्पर्ध्याला जमिनीवर आणले, गळ्याला पकड घातली. हेंड्रिक्स यांनी कोपराचे व मुठीचे जड प्रहार केले. यांतले काय किती मोलाचे, हे नियमांनी नेमके सांगितलेले नव्हते.

गुणपंच चुकले, असे म्हणणाऱ्यांचा मुद्दा इजेचा होता. एका माणसाचा चेहरा पाहा आणि दुसऱ्याचा पाहा, असे ते म्हणत. परंतु चेहरा हा पाच फेऱ्यांची बेरीज दाखवितो आणि गुणपत्रिका प्रत्येक फेरीनंतर कोऱ्या पाटीने सुरू होते. दुसऱ्या फेरीतील जबर ठोसे दुसऱ्याच फेरीत एका गुणाला विकले गेले. त्यांची शिल्लक पुढे नेण्याची सोयच या पद्धतीत नाही. समग्र लढतीचा विचार करणाऱ्या जपानी पंचांसमोर हीच लढत झाली असती, तर निर्णय बहुधा उलट लागला असता. म्हणूनच येथे दोष पंचांचा की मोजपट्टीचा, या प्रश्नाचे उत्तर लेखकाच्या मते दुसरे आहे. सेंट-पिएर यांनी डिसेंबर २०१३ मध्ये अजिंक्यपद सोडले. मार्च २०१४ मध्ये रिक्त झालेले ते पद हेंड्रिक्स यांनी रॉबी लॉलर यांच्याविरुद्ध जिंकले, तेही ४८–४७ अशाच काठावरच्या गुणांनी.

निकषांची फेरमांडणी आणि नंतर

ऑगस्ट २०१६ मध्ये महासंघाने निकषांची फेरमांडणी केली आणि १ जानेवारी २०१७ पासून ती अमलात आली. परिणामकारक प्रहार आणि परिणामकारक पकड हा पहिला व प्रमुख निकष ठरला. त्यात दोघे पूर्णपणे समसमान असतील तरच आक्रमकतेकडे पाहावयाचे, आणि त्यातही समान असतील तरच पिंजऱ्यातील जागेवरील ताब्याकडे. परिणाम, वर्चस्व आणि कालावधी या तीन कसोट्यांवर १०–८ गुण अधिक मोकळेपणाने द्यावेत, असेही सुचविण्यात आले. हरवलेली खूण पुन्हा कोरण्याचा हा प्रयत्न होता.

या बदलाच्या उंबरठ्यावरच त्याची गुंतागुंत दिसून आली. १२ नोव्हेंबर २०१६ रोजी न्यूयॉर्क येथे टायरन वुडली आणि स्टीफन थॉम्पसन यांच्या लढतीत चौथ्या फेरीत वुडली यांनी प्रतिस्पर्ध्याला जवळजवळ संपविले होते. दोन गुणपंचांनी हिशेब ४७–४७ असा बरोबरीत सोडविला, तिसऱ्याने ४८–४७ असा लिहिला. लढत बरोबरीत सुटली आणि विजेतेपद वुडली यांच्याकडेच राहिले. अन्य चार फेऱ्या बाजूला ठेवल्या तरी चौथ्या फेरीत हरणाऱ्यास आठ द्यावयाचे की नऊ, एवढ्यावर अजिंक्यपद कोणाचे हे ठरत होते.

८ फेब्रुवारी २०२० रोजी ह्यूस्टन येथे जॉन जोन्स आणि डॉमिनिक रेयेस यांच्या लढतीनंतर वाद पुन्हा उसळला. तिन्ही गुणपंचांनी जोन्स यांना विजयी केले. दोघांनी ४८–४७ आणि एकाने ४९–४६ असे. अनेक पत्रकारांच्या मते रेयेस यांनी पहिल्या तीन फेऱ्या घेतल्या होत्या. येथे मात्र मोजपट्टीच्या आड लपता येणार नाही. ४९–४६ लिहिणाऱ्याने रेयेस यांना पाचांपैकी एकच फेरी दिली होती. काठावरच्या फेऱ्या कोणाच्याही बाजूने लिहिता येतात हे मान्य केले तरी, त्या सगळ्याच एका बाजूला पडणे हे पटण्यासारखे नाही.

पुढच्याच महिन्यात कॅन्सस राज्यात एका महिलांच्या स्पर्धेत प्रत्येक फेरीनंतर गुण उघड करण्याचा प्रयोग झाला. त्यामुळे चौथ्या किंवा पाचव्या फेरीत उतरताना आपण मागे आहोत की पुढे, हे लढवय्याला कळू लागले. या पद्धतीच्या विरोधकांचे म्हणणे असे की, आघाडीवर असलेला शेवटची फेरी पळून काढील. समर्थक म्हणतात की, मागे असलेल्याला प्रतिस्पर्ध्यास शरण आणण्यावाचून दुसरा मार्गच उरणार नाही. त्याला निकालासाठीच लढावे लागेल.